आकाशपाळण्याचा फिटर

दिघोरीहून आलेली एसटी भंडाऱ्याच्या स्टँडवर लागली आणि दारातून आधी आईची पिशवी, मग आई, आणि आईच्या मागून मफलर गुंडाळलेले बाबा उतरताना दिसले, तेव्हा कुठे प्रविणला खरं वाटलं. बाबा आले होते.

त्याला चार वर्षं झाली होती हायवेवरच्या पार्कात लागून. पाण्याच्या घसरगुंड्या, टकरीच्या गाड्या, लहान मुलांची आगगाडी आणि सगळ्यांच्या वर मान काढून उभा असलेला वीस डब्यांचा आकाशपाळणा. प्रविण तिथला फिटर. रोज सकाळी पार्क उघडायच्या आधी कमरेला पट्टा बांधून तो पाळण्याच्या सांगाड्यावर चढे, एकेक नट पान्याने तपासे, ग्रीस भरे, आणि मगच पाळणा फिरे. दरवर्षी हिवाळ्यात कामगारांना घरच्या माणसांसाठी पास मिळत. दोन दिवस सगळे झुले, आणि मागच्या गेस्ट हाऊसमध्ये एक खोली. प्रविण आपला पास दरवर्षी कोणाला तरी देऊन टाकत असे. यंदा दिला नाही, त्याला कारण आई. दिवाळीत चुलीपाशी बसल्याबसल्या चंद्रभागाबाई म्हणाली होती, "साऱ्या दुनियेले झुलवून राहिला तू. मायबापाले कवा झुलवशील गा?"

आई येणार यात शंका नव्हती. बाबांचं, भय्याजींचं, वेगळं होतं. प्रविण घरी जाऊन कामाचं बोलायला लागला की भय्याजी उठून गोठ्याकडे जात. एकदा त्याने मोबाइलवर स्वतःचा फोटो दाखवला होता, पाळण्याच्या अगदी टोकावरचा, हात सोडून हसत असलेला. बाबांनी मोबाइल तसाच परत दिला आणि म्हणाले, "बैलायले पाणी पाजाचं राहिलं." बैलांना पाणी अर्ध्या तासापूर्वीच पाजून झालं होतं. प्रविणने त्याचा अर्थ आपल्यापरीने लावला. गावच्या मंडईच्या जत्रेत दरवर्षी पाळणेवाले येत, मळक्या कनातीत राहत, चार दिवसांनी पाळणे मोडून पुढच्या गावी जात. दोन वर्षं आयटीआय करून पोराने शेवटी तेच काम धरलं, असंच बाबांना वाटत असणार. हे तो कोणाला बोलला नव्हता, बायकोलाही नाही. रुपाला सातवा महिना लागला होता आणि ती माहेरी पवनीला होती. ती असती तर तिने सरळ सासऱ्यांनाच विचारलं असतं.

पार्कच्या फाटकाशी बाहेरचं खाणं ठेवून घेत. पिशवीतला चिवड्याचा डबा रखवालदाराने बाजूला काढला. चंद्रभागाबाईने तो खुशाल काढू दिला. आत आल्यावर मात्र तिने कमरेला खोचलेला पदर सोडून दाखवला. कागदात बांधलेले लाखोळीच्या डाळीचे वडे होते.

"माय, इथी चालत नाई ते," प्रविण हळूच म्हणाला.

"मंग तू नको खाऊ," आई म्हणाली.

त्या दिवशी आईने काही सोडलं नाही. लहान मुलांच्या आगगाडीत ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. पाण्याच्या कारंज्याखाली अर्धं पातळ भिजवून आली आणि थंडीने कुडकुडत हसत राहिली. भय्याजी मात्र प्रत्येक झुल्यापाशी गेले की आधी बाक शोधत. बसायचे, चपला काढून जवळ ठेवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहत राहायचे. प्रविणने दोनदा विचारलं, दोनदा ते म्हणाले, "तुमी जा. मी आहो इथीच." तिसऱ्यांदा प्रविणने विचारलं नाही.

चारच्या सुमारास ते आकाशपाळण्यापाशी आले. भय्याजींना बाक सापडला नाही. ते मान वर करून बराच वेळ त्या सांगाड्याकडे पाहत उभे राहिले.

"याचे नट तू कसले का?" त्यांनी एकाएकी विचारलं.

"हो बाबा."

"कवा?"

"आज सकाळीच. सुट्टी होती तरी आलो एक चक्कर."

"सारे?"

"सारे."

भय्याजींनी मफलर नीट आवळला. "मंग चाल," म्हणाले, आणि सगळ्यांच्या आधी डब्यात जाऊन बसले. चंद्रभागाबाईने पोराकडे पाहून भुवया उंचावल्या.

डबा बंद होता, जाळीच्या खिडक्यांचा, समोरासमोर बाकं असलेला. पाळणा चालवायला धम्मदीप होता. चाळिशीचा माणूस, दोन महिन्यांपूर्वीच कामाला लागलेला. त्याने कडी लावली, बाहेरून ओढून पाहिली. पहिल्या फेऱ्याला भय्याजींनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या फेऱ्याला आई जाळीला नाक लावून बाहेर पाहत होती: कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, त्यांत लाखोळीची हिरवळ, लांब कुठेतरी चकाकणारं तळ्याचं पाणी. तिसऱ्या फेऱ्यात त्यांचा सात नंबरचा डबा बरोबर टोकावर आला आणि पाळणा एक हिसका देऊन थांबला.

सकाळपासून कानात भरलेलं पार्कातलं गाणंही त्याच क्षणी बंद पडलं. एकदम वाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"लाईट गेली," प्रविण म्हणाला. "दोन मिनिटांत जनरेटर लागते."

दोन मिनिटं झाली, पाच झाली, जनरेटर काही लागला नाही. दोन डबे सोडून एक बाई दोन लहान लेकरांना घेऊन बसली होती. त्यातलं धाकटं रडायला लागलं. प्रविणचा मोबाइल वाजला. खालून धम्मदीप होता, आवाज चिरकलेला. "प्रविणभाऊ, जनरेटरची बॅटरीच बसली. दुसरी आणाले माणूस गेला, पण घंटाभर तरी लागन. खाली लोक ओरडून राहिले. का करू?"

पाळणा हाताने फिरवून माणसं उतरवता येतात हे पार्कात एकट्या प्रविणला नीट माहीत होतं, आणि तो होता टोकावर. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं. भय्याजींनी दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती.

"धम्मदीपभाऊ, आधी शांत व्हा," प्रविण म्हणाला. "पयले मेन स्विच बंद करा. नाई तं आपण हातानं फिरवत असू अन् मधातच लाईट येईल. केलं? आता मोटरच्या मागं लाल पेटी आहे. त्याच्यात लोखंडी हँडल आहे. ते काढा अन् मले सांगा. अन् दोन धट्टे माणसं बोलवा सोबतीले."

पेटीला कुलूप होतं. किल्ली ऑफिसात. धम्मदीप पळत गेला. वर तिघं तशीच बसून राहिली. चंद्रभागाबाईने पदरातून कागद काढला आणि एक वडा नवऱ्यापुढे धरला.

"अवो, खाचं सुचते कसं तुले?" भय्याजी डोळे न उघडता म्हणाले.

"पोरगा आहे ना सोबत," ती म्हणाली, आणि तोच वडा स्वतः खाऊ लागली.

वाऱ्याने डबा किंचित डुलला तसे भय्याजी पुटपुटले, "रोज चढते हा इतक्या उंच."

"बाबा, पट्टा असते ना मले. दोन दोन दोर असतात."

"असन." ते म्हणाले. "तू तो फोटू दाखवला ना मले, हात सोडलेला, त्या रातच्यानं मले झोप नाई गा येत धड. डोया लागला का तूच दिसते वरतून पडताना. म्हणून मी आलो नाई कवाच. पायलं असतं तं तुले म्हटलं असतं, सोड हे काम. अन् तू सोडलं असतं माह्या म्हणण्यानं. मंग का केलं असतं तू? म्हणून म्हटलं, न पायलेलं बरं."

गोठ्याकडे जाणारी बाबांची पाठ त्याने चार वर्षं पाहिली होती आणि चार वर्षं चुकीची वाचली होती. "मले वाटे तुमाले लाज वाटते माह्या कामाची," तो म्हणाला.

भय्याजींनी आता डोळे उघडले. "लाज कायची? बावळट आहेस का तू?"

"तुमी बोलले नाई ना कवा."

"ह्यायनं का बोलाव," चंद्रभागाबाई म्हणाली. "हे तं रोज दिवा लावतेत देवापाशी, सकाळी सात वाजता. तुह्या चढाच्या वेळेवर. मी म्हणतो, सांगा पोराले. तं नाई."

"तू चूप बस," भय्याजी म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

मोबाइल वाजला. हँडल सापडलं होतं. प्रविणने नाक पुसलं आणि सांगायला सुरुवात केली. ब्रेकचा दांडा एकाने हळूहळू सोडायचा, दुसऱ्या दोघांनी हँडल धरून ठेवायचं. सगळ्यांत खाली सतरा नंबर आहे, आधी त्यातली माणसं उतरवा. उतरवली? आता सात नंबर खाली आणा.

"सात तं आपलाच आहे," भय्याजी म्हणाले. "आपलं राहू दे. त्या लेकराले आधी उतरव. रडून रडून बेजार झालं ते."

"तसं नाई होत बाबा. समोरचा डबा रिकामा झाला ना, आता आपली बाजू जड झाली. एकाच बाजूची माणसं उतरवत गेलो तं चाक आवरणार नाई हातानं, धावेल. म्हणून समोरासमोरचे डबे रिकामे कराचे."

भय्याजींनी क्षणभर विचार केला. धानाचे भारे बंडीवर चढवण्यात त्यांची हयात गेली होती. "उलार होईल म्हणतेस," ते म्हणाले. "भारे सारे मागं टाकले तं बंडी उलार होते, जू वर उठते, बैल लटकते. तसंच ना?"

"तसंच. बरोबर तसंच."

"मंग तू म्हणतेस तसं कर. उलार होऊ देऊ नको."

डबा हातभर हातभर सरकत खाली येऊ लागला. भय्याजींनी या वेळी डोळे मिटले नाहीत. ते जाळीतून मधल्या मोठ्या आसाकडे पाहत होते. खाली पोचल्यावर धम्मदीपने कडी काढली. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. प्रविणने उडी मारली आणि सरळ ब्रेकचा दांडा हातात घेतला. हँडलवरची दोन माणसं दमली होती. त्यातला एक हात झटकत बाजूला झाला आणि दुसरा कोणी पुढे यायच्या आत भय्याजींनी मफलर काढून बायकोच्या खांद्यावर टाकला, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि हँडल धरलं.

"बाबा, तुमी नका..."

"तू सांग फक्त. किती फिरवाचं?"

"मी म्हणेन तितकंच. थांब म्हटलं का थांबाचं."

मग अर्धा तास दोघं बापलेक त्या पाळण्यापाशी होते. "घ्या... घ्या... थांबा!" प्रविण म्हणे, आणि भय्याजींचे हात तिथल्या तिथे थांबत. बारा नंबर, मग दोन नंबर. मग ती लेकरांची आई उतरली, तिने रडणारं पोर चंद्रभागाबाईच्या हातात दिलं आणि स्वतः मटकन खाली बसली. चंद्रभागाबाईने त्या पोराच्या हातात वडा ठेवला. रखवालदाराने तो पाहिला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

शेवटचा डबा रिकामा झाला तेव्हा जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. भय्याजींना वाटलं त्या प्रविणसाठी आहेत. प्रविणला वाटलं बाबांसाठी आहेत. दोघांपैकी कोणीच मान लववून त्या स्वीकारल्या नाहीत. भय्याजींनी पोराचा हात हातात घेतला, ग्रीसने माखलेला तळवा उलटून पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी घट्टा होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. "पान्याचा आहे," प्रविण म्हणाला. "दिसते," भय्याजी म्हणाले, आणि हात लगेच सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. प्रविण चढायला निघाला तर बाबा गेस्ट हाऊसच्या पायरीवर तयार बसलेले. पट्ट्याची बकलं त्यांनी स्वतः ओढून पाहिली, दोन्ही दोरांच्या गाठी पाहिल्या, कोणता दोर कशासाठी हे विचारून घेतलं. तो वर असेपर्यंत ते खाली उभे राहिले. मान दुखली तरी नजर हलवली नाही. प्रविणने टोकावर गेल्यावर खाली पाहिलं. या वेळी त्याने हात सोडले नाहीत.

"पायलं?" उतरल्यावर त्याने विचारलं.

"पायलं," भय्याजी म्हणाले. "भेव तं वाटतेच. पण पायलेलं भेव बरं."

पार्क उघडल्यावर चंद्रभागाबाई तडक टकरीच्या गाड्यांकडे गेली. आयुष्यात तिने सायकलही चालवली नव्हती. पातळाचा काचा मारून ती लाल गाडीत बसली. प्रविणने पायाखालचं पेडल दाखवलं, सुकाणू कसं फिरवायचं ते सांगितलं. भय्याजींना त्याने निळ्या गाडीत बसवलं. गाड्या सोडणाऱ्या पोऱ्याने घंटा वाजवली. चंद्रभागाबाईने पाय दाबला तो उचललाच नाही, कठड्यावर आपटली, गोल फिरली आणि सरळ नवऱ्याच्या गाडीवर येऊन आदळली. भय्याजींची टोपी उडून पलीकडे पडली.

"अवो, आंधळी झालीस का? काहून धडकून राहिली?"

"तुमी मधात काहून उभे राहिले? चालवा ना!"

"चालत नाई माही!"

"पाय दाबा, पाय!"

कठड्याला टेकून प्रविण इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वेळ संपली, गाड्या थांबल्या, बाकीचे सगळे उतरले. चंद्रभागाबाई उतरायला तयार नव्हती. भय्याजी टोपी शोधून, झटकून, डोक्यावर घालून आले आणि पुन्हा निळ्या गाडीत जाऊन बसले. दोन्ही हातांनी सुकाणू घट्ट धरलं आणि पोराकडे न पाहता म्हणाले, "वाजव म्हण त्या पोऱ्याले घंटा. आता हिले दाखवतो मी."