प्रत्येकीची एक गोळी

सप्टेंबर लागला की सर्बियातल्या लेस्कोवात्सच्या बायकांना दुसरं काही सुचत नाही. पोत्यांनी लाल मिरच्या आणायच्या, अंगणात भाजायच्या, सोलायच्या आणि मोठ्या पातेल्यात त्यांचा आयवार, म्हणजे वर्षभराची घट्ट चटणी, घाटायचा. हात थांबला की तळाला लागलाच म्हणून समजा. घाटायचं काम पुरुषाचं. स्तोयांकाच्या घरी ते तिच्या नवऱ्याचं, ब्लागोयेचं, आणि यंदा पहिल्याच पातेल्याला त्याची कंबर धरली.

"जा, आत जाऊन पड," स्तोयांका म्हणाली.

"आणि घाटणार कोण? तुझे वडील?"

मग सकाळच्या कॉफीबरोबर ती त्याला आपली गुडघ्याची गोळी द्यायला लागली. हातातलं काम टाकून शेजारी बसायची, कंबरेवरून हात फिरवायची आणि पुन्हा मिरच्यांकडे पळायची.

तिकडची रीतच तशी. कोणाचं काही दुखतंय म्हटलं की बायकांच्या पर्सा उघडल्याच. कॉफी, मुरांबा आणि वर एक गोळी. नको म्हटलं तर माणसाचा अपमान. शेजारच्या देसांकाकडे मुलाने ऑस्ट्रियाहून पाठवलेली होती. ब्लागोयेची थोरली बहीण ग्रोझदाना स्वतःची कंबरेची घेऊन यायची. सगळ्या मायेच्याच.

आठवडा सरत आला आणि घाटता घाटता ब्लागोयेने पळी सोडली. भिंतीला टेकला तो पांढराफटक, कपाळावर घाम. आयवार खाली लागला, पण स्तोयांकाने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं. "आजोबा, शौचाला काळं होतंय का?"

"दोन दिवस. सुकी आलुबुखारं खाल्ली होती."

"आलुबुखारं नव्हेत. पोटात रक्त जातंय. कंबरेसाठी काय घेत होतात?"

"हिची गोळी."

"आणखी?"

ब्लागोये छताकडे बघत राहिला. देसांकाचं नाव घ्यायचं म्हणजे शेजारणीची चहाडी, आणि बहिणीचं घेतलं तर ती आयुष्यभर रडणार. स्तोयांकाला हा माणूस पुरता ठाऊक होता. जीव गेला तरी बोलणार नाही. तिने बाहेर जाऊन देसांकाला आणि ग्रोझदानाला फोन लावले. "त्याला जे जे दिलंत ते खोक्यासकट घेऊन या. आत्ता. नंतर काय भांडायचं ते भांडा."

दोघी आल्या. हातांना अजून मिरच्यांचा वास. टेबलावर निळं खोकं, पिवळं खोकं, आणि शेजारी स्तोयांकाने आपलं पांढरं ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी एकेक उलटून बारीक अक्षर वाचलं.

"नावं तीन, रंग तीन, पण कूळ एकच. तिन्ही एकत्र घेतल्या म्हणून दुखणं तिप्पट पळत नाही. पोटाला मात्र आतून जखम होते."

"पण चिठ्ठीशिवाय मिळतात या," देसांका म्हणाली.

"मिळतात. एकावर एक घ्यायला नाही मिळत."

"यातल्या कुठल्या गोळीने झालं?" ग्रोझदानाने हळूच विचारलं. तिला आपलं खोकं सुटायला हवं होतं. सगळ्यांनाच हवं होतं.

"सगळ्यांनी मिळून," बाई म्हणाल्या आणि त्याला आत घेऊन गेल्या.

नळी घालून रक्त थांबवलं, बाटल्या चढवल्या. तिघी बाकावर बसून राहिल्या. स्तोयांका मनात एवढंच म्हणत होती, हा घरी येऊ दे, बाकी काही नको.

दोन दिवसांनी त्याच्या गालांवर रंग आला तेव्हा तिचा राग बाहेर पडला.

"मेल्या, दुसऱ्यांना नाही म्हणवत नाही, समजलं. पण मला सांगता येत नव्हतं? मी काय परकी? म्हणायचं, ग्रोझदानाने दिलीय, तुझी नको."

"नको म्हटलं असतं तर तू गेली असतीस."

"कुठे?"

"मिरच्यांकडे," ब्लागोये म्हणाला. "गोळी द्यायच्या वेळेलाच तेवढी बसायचीस माझ्यापाशी."

खिडकीबाहेर कोणाच्या तरी अंगणातला धूर दिसत होता. घरी स्तोयांकाची अर्धी पोती तशीच पडली होती.

"दुखतेय का कंबर?" तिने विचारलं.

"दुखतेय."

तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली, पांघरुणाखाली हात घातला आणि त्याची कंबर चोळत बसली.