वळकट्या

शिंप्याच्या घरी अंथरूण पसरलेलं राहत नाही. खोली एकच. रात्री तिथे माणसं झोपतात आणि सकाळी त्याच जमिनीवर कापड बेततात. त्यामुळे डोळे उघडले की आधी गादी गुंडाळायची आणि मग तोंड धुवायचं. अशा घरातली एक मुलगी विद्यापीठाच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाला राहायला आली. मजल्यावरच्या सगळ्यांची तुटलेली बटणं आणि उसवलेल्या शिवणी तिच्याकडे यायच्या, म्हणून तिचं नाव पडलं शिंपीण.

तिच्या खोलीतली दुसरी मुलगी दगडमातीचा अभ्यास करत होती. पण ती कुणाशीही, कशावरूनही वाद घालायची, म्हणून सगळ्या तिला वकील म्हणत. शिंपीण सुरुवातीला रोज सकाळी गादी गुंडाळू लागली, तेव्हा वकिलानं तिला थांबवलं होतं.

"अगं, गादी काय पळून जाणार आहे? खाट आहे ना तुला! आणि खाली दारातली पाटी वाचलीस का?"

त्या पाटीवर रंगानं लिहिलं होतं : जागा सोडताना गादी गुंडाळून उशाशी ठेवावी. गुंडाळलेली गादी आढळल्यास जागा रिकामी समजली जाईल. पूर्वी मुली न सांगता निघून जात आणि खाट महिनोन्महिने अडून राही, म्हणून कुणीतरी ही खूण ठरवली होती. शिंपिणीनं पाटी वाचली, जीभ चावली आणि गादी पसरून ठेवायला शिकली.

मग एक दिवस घरून निरोप आला. वडिलांचा हात इस्त्रीनं भाजला होता. शाळा उघडायच्या बेतात होती आणि गणवेशांचं काम अर्धवट पडलं होतं. शिंपिणीनं रजेचा अर्ज दिला, रेक्टरबाईंनी त्यावर सही केली आणि ती पहाटेच्या गाडीनं गेली. माणूस घाबरलं की हात आपले जुनंच काम करतात. निघताना तिच्या हातांनी गादी गुंडाळली. तिला ते कळलंही नाही, आणि वकील डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपली होती.

झाडायला आलेल्या मावशींनी वळकटी पाहिली आणि रीतसर खाली कचेरीत कळवलं.

वकील तासावरून परत आली तेव्हा खोलीच्या दारात एक अनोळखी मुलगी ट्रंकेवर बसली होती.

"कोण गं तू?"

"मला इथे जागा मिळालीय. माझं नाव प्रतीक्षा यादीत होतं."

"कुणाची जागा?"

"रिकामी."

"रिकामी? खाटेखाली चपला कुणाच्या आहेत? खिडकीतला कंगवा काय कबुतराचा?"

नवी मुलगी गोंधळून ट्रंकेवरून उठली. "मला काय ठाऊक, ताई? मला पत्ता दिला, मी आले."

वकील तशीच जिना उतरून रेक्टरबाईंसमोर उभी राहिली.

"बाई, ती रजेवर गेलीय. तुमचीच सही आहे."

"रजा दिली होती. जाताना तिनं जागा सोडली. गादी सांगतेय."

"गादीला विचारलंत, तिला का नाही विचारलं?"

"जिभेला लगाम घाल. नियम सगळ्यांना एकच."

"मग दुसराही नियम सांगा. पहिल्या वर्षाच्या मुलीनं बाहेर खोली घेतली तर?"

"चालत नाही. जवळच्या नातेवाइकांकडे राहता येतं."

"तिचं या गावात काळं कुत्रं नाही ओळखीचं. इथली जागा गेली की विद्यापीठातून नाव जाणार. आणि एकदा घरी बसली की मशीनवरून तिला कोण उठवतंय? गादी गुंडाळली म्हणून तिचं शिक्षण गुंडाळायचं?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या वाईट नव्हत्या. पण आपण एक गाठ सोडली की सगळं विणकाम उसवेल, अशी भीती त्यांना कायम वाटायची. "उद्या सकाळी तपासणी आहे. तोवर तिचं सामान बांधून कोठीत ठेव."

"मी नाही बांधणार."

"मावशी बांधतील."

"मग मलाही तिच्याबरोबर बांधा."

संध्याकाळी वकिलानं शिंपिणीला फोन लावला. पलीकडे मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला.

"मी तर नीट आवरून आले गं," शिंपीण म्हणाली. "बाबा म्हणतात, वसतिगृहाच्या कुलपाआड जागा आहे तोवरच शिक. आता मी त्यांना काय सांगू?"

"काही सांगू नकोस. बाह्या शिवून घे आणि ये."

फोन ठेवून वकिलानं ती वळकटी ओढली आणि खाटेवर उलगडायला लागली.

"आता उलगडून काय उपयोग?" नवी मुलगी कोपऱ्यातून म्हणाली. "नोंद तर झालीय. खाली त्यांनी माझ्यासमोर लिहिलं, गुंडाळलेली दिसली म्हणजे संपलं."

"आणि तू गं? तुला हवीच आहे ना ही जागा?"

"हवीय. पण अशी नको. रात्री तिच्या उशीवर झोप कशी लागेल मला?" ती ट्रंक बाजूला सरकवत म्हणाली, "मगाशी मावशींनी पाहुण्यांच्या खोलीतून केरसुणी काढली. आत दोन खाटा आहेत, धूळ खात. ती खोली कुणाची?"

"विद्यापीठाच्या समितीच्या लोकांची. अजून एकही झोपला नाही तिथे."

वकिलानं अर्धी उलगडलेली वळकटी पुन्हा गुंडाळून ठेवली. मग ती आपल्या खाटेकडे गेली आणि स्वतःची गादी गुंडाळायला लागली. तिला सवय नव्हती. वळकटी मधे फुगली आणि कडेनं सुटली. नव्या मुलीनं न बोलता दुसरं टोक धरलं.

कपडे वाळत घालायच्या गच्चीवर बाकीच्या मुलींना बेत कळला, तेव्हा शेवटच्या वर्षातली एक उंच मुलगी, जिला सगळ्या लांबी म्हणत, कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "म्हणजे आमच्याही जागा घालवायला निघालीस तू!"

"सगळ्यांच्या कशा जातील? इतक्या ट्रंका ठेवायला कोठी आहे का त्यांच्याकडे?"

"आणि घरी कळवलं तर?"

"सांग, गादी गुंडाळली. आई खूश होईल, पोरगी आवरायला शिकली म्हणून."

लांबीला हसू आलं. तिच्या अंगावरच्या सदऱ्याची सगळी बटणं शिंपिणीनं लावलेली होती. तिनं खालच्या बटणावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "बरं. पण गुंडाळायची कशी ते दाखव. तुझी ती वळकटी आहे की गरोदर म्हैस?"

सकाळी रेक्टरबाई आल्या. मागे मावशी. पहिल्या खोलीत दोन खाटांच्या उघड्या फळ्या होत्या, उशाशी वळकट्या होत्या आणि फळ्यांवर मांडी घालून मुली वाचत बसल्या होत्या. दुसऱ्या खोलीत तेच. तिसऱ्या खोलीत बाई आत न जाताच पुढे गेल्या. मजल्याच्या टोकापर्यंत जाऊन त्या वकिलाच्या खोलीत थांबल्या.

"हा काय तमाशा आहे?"

"जागा सोडल्यात, बाई," वकील म्हणाली. "पाटीप्रमाणे वसतिगृह रिकामं आहे. आम्ही दिसतोय त्याकडे लक्ष देऊ नका. गादीचंच खरं धरायचं ना?"

कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी मान वळवली तशी सगळी डोकी पुस्तकात गेली.

"सगळ्यांची नावं खाली पाठवीन मी."

"पाठवा. माझं पहिलं लिहा."

"दुसरं माझं," दारातून लांबी म्हणाली.

"माझं कुठलं लिहिणार?" नव्या मुलीनं विचारलं. "मला तर अजून गादीच नाही."

त्यावर मावशीही पदरात हसल्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग उघड्या फळ्यांकडे, मग शिंपिणीच्या खाटेखालच्या चपलांकडे. चपला जोडीनं, टाचा भिंतीला लावून ठेवल्या होत्या. जागा सोडणारी मुलगी चपला अशा ठेवत नाही, हे इतकी वर्षं खोल्या पाहणाऱ्या बाईंना कुणी शिकवायला नको होतं.

"मावशी," त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "ही गादी उलगडा. हवेला ठेवली असेल. आणि पाहुण्यांच्या खोलीची किल्ली आणा. या मुलीची ट्रंक तिकडे न्या."

मजल्यावर एकच गलका झाला.

"गप्प बसा! आणि आपापल्या गाद्या पसरा आता."

"ती पाटी दारात आहे तोवर नाही," वकील म्हणाली. "आज तुम्ही चपला पाहिल्यात, बाई. उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर?"

जिना उतरून बाई दारातल्या पाटीसमोर थांबल्याचं वरून सगळ्यांनी वाकून पाहिलं. पण पाटी तिथेच राहिली आणि वळकट्याही.

गणवेश पोचते करून शिंपीण परतली, तेव्हा पाटी अजून भिंतीवर होती. सकाळची वेळ, मुली न्हाणीघरात. तिनं एकेका खोलीत डोकावून पाहिलं. सगळीकडे उघड्या फळ्या, सगळीकडे वळकट्या. ती आपल्या खोलीकडे धावली. अख्ख्या मजल्यावर एकच गादी पसरलेली होती. तिची.

तेवढ्यात ओले केस टॉवेलात बांधत वकील आली.

"अगं, सगळ्यांना काढलं की काय?" शिंपिणीनं विचारलं.

"कोण काढतंय?" वकील म्हणाली. "बॅग ठेव आधी. आणि माझी वळकटी बघ जरा. रोज मधे फुगते मेली."