पटावर एक

माझा आवाज मोठा आहे. नळदुर्गात शिकवत होते तेव्हा शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा त्यानं गप बसायची. कडक बाई म्हणून माझं नाव होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोराही होता. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन जळकोटच्या पुढच्या एका वस्तीवरच्या शाळेत आले, तर पटावर पोरं अवघी चार. त्यातली तीन यंदा जूनमध्ये इंग्रजी शाळेच्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसून गेली. उरली तिसरीतली शिवांजली, एकटी.

तिचा बाप बंडप्पा शाळा उघडली त्या दिवशीच येऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "बाई, पोरीला ठेवतो तुमच्याकडं. पर शाळा शाळेसारखी चालली पायजे. एकच लेकरू हाय म्हणून नुसतं खेळत बसवलं, तर म्या बी व्हॅन लावीन."

"बंडप्पा, तुम्ही मला ओळखत नाही अजून," मी म्हणाले. पण आतून घाबरले. नवरा जाऊन पाच वर्षं झाली, लेक पुण्याला, नळदुर्गच्या खोलीत टीव्ही सोडला तर कुणी बोलत नाही. ही पोरगी गेली की शाळेला कुलूप लागणार. मग दिवसभर मी तोंड कुणापुढं उघडणार होते?

वर्गाच्या भिंतीवर आधीच्या गुरुजींनी रंगवून घेतलेले नऊ नियम होते. मी ठरवलं, नऊच्या नऊ चालवायचे. बंडप्पाला बोट ठेवायला जागा ठेवायची नाही.

झालं, सुरू केलं. सकाळी घंटा. शिवांजली मैदानात रांगेत उभी. तिच्यापुढं कुणी नाही, मागं कुणी नाही, तरी हात लांब करून अंतर घ्यायची. प्रार्थना तिची ती सांगायची आणि तिची तीच मागून म्हणायची. मग हजेरी. एकच नाव, पण मी पुकारल्याशिवाय तिनं "हजर" म्हणायचं नाही. खिचडी शिजवणारी नीलम्मा एका पोरीसाठी मोठं पातेलं कशाला म्हणून घरनंच डबा आणायची. ती एकदा हसत म्हणाली, "बाई, लई कडक हाव तुमी. तिला जरा जवळ घिऊन बसा की."

"तुम्ही खिचडीचं बघा," मी फटकन म्हणाले. माझी जीभ अशीच आहे मेली.

बोलायचं झालं तर हात वर करायचा. पाणी प्यायला विचारून जायचं. जागा सोडायची नाही. मी टेबलाशी, ती दुसऱ्या बाकावर. पहिल्या बाकावर बस म्हणाले होते, तर म्हणाली, पहिला बाक मयुरीचा हाय. मयुरी व्हॅनमधून गेली होती. मी म्हटलं, बस मग तिथंच.

मॉनिटरही तीच. मी बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम तिचं.

श्रावणातली गोष्ट. ऑफिसातून फोन आला, कसली तरी माहिती आजच्या आज भरा म्हणून. व्हरांड्यात पंधरा मिनिटं गेली. आत आले तर फळ्यावर लिहिलेलं, 'बोलणारी मुले', आणि खाली वळणदार अक्षरात 'शिवांजली'. ती बाकाशी उभी होती.

"कुणाशी बोललीस गं?"

"कुणाशी न्हाय, बाई."

"मग नाव कशाला लिहिलंस?"

तिनं मान खाली घातली. "'झालं का तुझं लिहून' मीच म्हणलं. मग मीच 'झालं' म्हणलं."

त्याच वेळी तिच्याशेजारी जाऊन बसायला हवं होतं. पण बंडप्पाचे शब्द आठवले आणि वर माझा जन्माचा तोरा. नियम तो नियम, म्हणाले, दहा मिनिटं उभी राहा. ती राहिली. मी वही तपासत बसले. एक वही तपासायला किती वेळ लागतो? तरी मी मान वर केली नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि बंडप्पा पोरीला घेऊन आला. हातात दाखल्याचा अर्ज.

माझा आवाज एकदम चढला. "काय कमी पडलं हो? एक दिवस घंटा चुकली? एक नियम मोडला? विचारा तिला!"

"तसं न्हाय, बाई," तो ओशाळला. "तुमचं कायबी चुकलं न्हाय. मीच म्हणत व्हतो चौथीपातूर ऱ्हाऊ दे. पर तीच सुट्टीभर मागं लागली. म्हंती, शाळंत बोलायला कुणी न्हाय."

चार हातांवर तर मी बसत होते. मीही दिवसभर गप. घरी जाऊनही गप.

मी शिवांजलीला जवळ ओढलं. पहिल्यांदाच. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. म्हटलं, "अगं येडे, तिथंही हेच नियम असतील. वर्गात बोललीस तर बाई उभं करतील."

"करू दे की," ती म्हणाली. "तिथं मयुरीबी माझ्यासंगं उभी ऱ्हाईल."

मी दाखला लिहिला. वर्तणुकीपुढं 'उत्तम' लिहिलं, सही केली आणि दाखला पुढं सरकवला. बंडप्पा म्हणाला, "बाई, तुमी कायतरी बोला की."