सवतीचा कुत्रा

"तांबू, मागं फिर रं," दुर्गा हाका मारत राहिली, पण तांबू तिचं ऐकणाऱ्यांतला कधीच नव्हता. तो सरळ राबात शिरला.

भाताचं रोप टाकायच्या आधी जी जमीन भाजून काढतात, तोच हा राब. शेणी, पालापाचोळा, गवत थरावर थर रचून, वर माती पसरून धर्मानं दुपारीच तो पेटवला होता. वरून बघाल तर नुसती राखाडी माती, कशी निवांत पडलेली. आत मात्र धग. तांबू अर्ध्यावर गेला, पाय पोळले तसा उसळला, घसरला आणि डाव्या कुशीवर पडला. मग जो आवाज आला तो कुत्र्याचा वाटेना. दुर्गा डोक्यावरच्या घागरीसकट धावली आणि होतं तेवढं पाणी तिनं त्याच्यावर ओतलं.

चूक कुत्र्याची म्हणावी तर तसंही नाही. तो आपल्या रोजच्या वाटेनंच निघाला होता. दिवे लागायच्या वेळी तांबू खाडीकडच्या बांधावर जाऊन बसतो, हे मिऱ्यात गावभर सगळ्यांना ठाऊक होतं. सुगंधा, धर्माची पहिली बायको, बाळंतपणाला माहेरी निघाली ती त्याच बांधावरून. तांबूला तिनं पिल्लू असताना आणला होता, तिच्या हातचं खाऊन तो वाढला होता. त्या दिवशीही तो मागोमाग गेला. "घरी जा, येते मी," असं म्हणून तिनं त्याला परतवलं आणि होडीत बसली. माहेरीच ती गेली, मूलही गेलं. माणसांना निरोप आला, माणसं रडली आणि कामाला लागली. कुत्र्याला निरोप सांगणार कोण?

एकोणीसशे अडुसष्टच्या त्या उन्हाळ्यात दुर्गाला मुर्ध्याहून या घरात येऊन वर्ष होत आलं होतं. नवरा कधी वाकडं बोलला नव्हता, पण सरळही फारसं बोलला नव्हता. सासूनं, रखमाबाईनं, लग्नातच तिच्या गळ्यात सवतीचा टाक घातला होता. चांदीचा लहानसा चपटा तुकडा, त्यावर बाईची आकृती. मेलेलीचा मान राहावा, तिनं नव्या बायकोला पिडू नये, म्हणून घालायचा असतो तो. दुर्गानं मुकाट्यानं घातला. सवत गळ्यात वागवता येते हो, पण दारातल्या कुत्र्याचं काय करायचं? तिनं टाकलेली भाकर ती आत गेल्याशिवाय तो तोंडात धरत नसे. एकदा वैतागून ती त्याला म्हणाली होती, "जा मग तिच्याच मागं." आता तेच शब्द तिला आठवत राहिले.

धर्मानं त्याला गोणपाटात उचलून पडवीत आणला. डाव्या कुशीचे केस जळून कातडीला चिकटले होते, खाली लालभडक मांस.

"मिठाचं पानी मार गो," रखमाबाई म्हणाली. "किडा पडनार न्हाय."

मिठागरावर जन्म गेलेली बाई ती. दात दुखो, पाय कापो, तिच्याकडे औषध एकच.

"नको आत्याबाई, आग उठंल त्याची. आमच्या आईनं भाजल्यावर कधी मीठ लावू दिलं न्हाय."

धर्मा खाली बसला होता. "वाचंल काय गो?" त्यानं विचारलं.

जेवण झालं का आणि पाणी आणलंस का, याखेरीज त्यानं तिला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"वाचंल," दुर्गा म्हणाली. तिला स्वतःला काहीच माहीत नव्हतं.

विहिरीवर शेजारच्या शेवंतीनं भर घातलीच. "मेला तर बोल तुझ्यावरच येनार बघ. सवतीचा कुत्रा, आनि राबापाशी तूच एकटी." दुर्गानं घागर उचलली. लोक बोलतील ते बोलोत, पण धर्मा काय समजेल? त्या घरात सुगंधाची जिवंत अशी एवढीच एक गोष्ट उरली होती. ती आपल्या हातून गेली तर हा माणूस आपल्याकडे पुन्हा मान वर करून बघणार नाही, हा विचार तिला सोडेना.

तिनं चुना पाण्यात भिजवून वरची निवळी काढली, खोबरेल तेलात फेटली. लोण्यासारखं पांढरं झालं. जखमेभोवतीचे केस कात्रीनं जपून कापले आणि कोंबडीच्या पिसानं ते लावायला वाकली. गळ्यातला टाक लोंबला तो नेमका जखमेवर टेकला. तांबू केकाटला, तिच्या मनगटाला दात लागले. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग दुर्गानं टाक काढला आणि पडवीच्या खुंटीला अडकवला.

रखमाबाईनं ते पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "टाक काढलास? कोपंल ना ती."

"तिच्याच कुत्र्यासाठी काढलाय. कोपायची न्हाय ती."

सासूनं सूप खाली ठेवलं. मग येऊन तिनं तांबूचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "लाव आता," म्हणाली.

पुढचे दिवस कसे गेले ते दुर्गाला नीट सांगता आलं नसतं. दुपारी सगळं गाव पेंगत असे. लांबवर मिठाचे ढीग उन्हात हलल्यासारखे दिसत, कधी जमिनीवर असत, कधी वर तरंगत. दुर्गा पडवीत भिंतीला टेकून लुगड्याच्या पदरानं माश्या वारत बसे, तांबूनं जखम चाटायला मान वळवली की ती परत फिरवी. डोळ्यांवर झापड आली, हात थांबला, तरी वारा येतच राही. अर्धवट डोळ्यांनी बघावं तर खुंटीखाली कुणीतरी बसलेली, ओल्या केसांची, पदर हलवत.

"दमली असशील," ती म्हणे.

"तू बस जरा इथं, मी कडुलिंबाचं पानी उकळून आनते," दुर्गा म्हणे, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे.

"कानामागं खाजव त्याच्या. मग खाईल."

त्या दुपारी ती जागी झाली तेव्हा पडवीत दुसरं कुणी नव्हतं. दुर्गानं कानामागं खाजवलं. तांबूनं डोळे मिटले, आणि तिच्या बोटांवरची पेज चाटून पुसून खाल्ली. दुर्गाला रडूच आलं. आता स्वप्नात कळलं की आपलं आपल्यालाच सुचलं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

खपली धरली, सुटली, खालून गुलाबी कातडी आली, बाळाच्या टाळूसारखी नाजूक. उघड्या कातडीला ऊन सोसत नाही म्हणून दुर्गा त्याला सावलीबाहेर जाऊ देत नसे. अंघोळीनंतर आपल्या केसांना लावायचं तेल आधी त्याच्या कुशीला. राबात भाताचं रोप हिरवंगार उठलं, लावणी झाली, तोवर तांबूच्या कुशीवरही लव फुटली. पण तांबड्या अंगावर ती पांढरीशुभ्र निघाली. धर्मा त्यावरून उलटा हात फिरवत म्हणाला, "रंग चुकला गो तुझा." आणि हसला. दुर्गानं त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी तांबू उठला. घरातली तिघंही हातातलं काम टाकून बघत राहिली. तो अंगणाच्या टोकापर्यंत गेला, बांधाकडे तोंड करून उभा राहिला, हवा हुंगली. मग वळला आणि येऊन दुर्गाच्या पायाशी अंग टाकून पडला.

"झाला बघ तुझा," रखमाबाई म्हणाली.

दुर्गाला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. रात्री भाकरी थापताना ती स्वतःशीच गुणगुणली. शेवंतीला मुद्दाम बोलावून दाखवायचं, असंही मनात आलं. पण दुसऱ्या दिवशी तांबू पुन्हा गेला नाही, तिसऱ्या दिवशी तर अंगणाच्या टोकापर्यंतही नाही. दिवा लावता लावता दुर्गाच्या मनात आलं, "येते मी" म्हणून गेलेली बाई ती. एवढ्या मोठ्या गावात एक मुका जीव तिची वाट बघत होता. आता कुणीच नाही.

तिनं दिवा ठेवला. "चल रं," म्हणाली. तांबू उठून मागोमाग आला.

दोघं बांधावर जाऊन बसली. लावलेल्या भातानं मूळ धरलं होतं, खाडीवरून ओला वारा येत होता. थोड्या वेळानं शेतावरून परतणारा धर्मा तिथं आला, कुदळ खांद्यावर.

"इथं कशाला बसलीस गो?"

"तांबू येत न्हाय आताशा," दुर्गा म्हणाली. "म्हनून मी आले."

धर्मानं कुदळ खाली ठेवली आणि तो कुत्र्याच्या पलीकडे बसला. वर्षभरात तो या बांधावरून रोज गेला होता, पण टेकला कधी नव्हता. भरती चढत होती. पलीकडच्या काठावरून एक होडी सुटली, जवळ आली, तिच्यातून चार अनोळखी माणसं उतरली आणि आपापल्या वाटेनं गेली. होडी पुन्हा रिकामी परतली, तरी तिघं बसून राहिली.