खांबाजवळचं गिऱ्हाईक

शाहूपुरीतल्या आमच्या परमिट रूममध्ये मी तीस वर्षं वेटर होतो आणि एकाही गिऱ्हाइकाचं तोंड मला माहीत नव्हतं. हसू नका. जुन्या मालकांचा, भाऊसोंचा, नियमच तसा होता. चौऱ्याहत्तर साली कामाला लागलो त्या दिवशीच त्यांनी दम भरला, "ज्ञानू, मागनं जायाचं, ग्लास ठेवायचा, तसंच मागं फिरायचं. तोंडाकडं बघायचं न्हाय. हितं येणाऱ्याला घरदार हाय, अब्रू हाय." खुर्च्या भिंतीकडे तोंड करून, दिवा एकच, तोही मिणमिणता. ज्याची त्याची जागा ठरलेली, त्यामुळे नावाची गरजच पडली नाही. खांबाजवळचे आले की रम आणि फुटाणे. मोरीजवळच्यांना बर्फ चालत नसे, दाताचं दुखणं असावं.

भाऊसो गेले. त्यांच्या मुलाने, सोमेशने बार आठ महिने बंद ठेवला आणि दोन हजार चारच्या दिवाळीआधी नवा करून उघडला. आत पाऊल टाकलं आणि मी बिचकलोच. खांब नाही, खिडकी बुजवलेली, मोरी कुठे गेली देव जाणे. चारी भिंतींना आरसे, आणि दिवे लग्नाच्या मांडवात असावेत तसे.

"मामा, तुमास्नी ठिवलंय ते जुन्या गिऱ्हाइकांसाठी," सोमेश म्हणाला. "आलं की नावानं हाक मारायची. पुण्या-मुंबईत तसंच असतंय. आज जमलं तर उद्या या."

मी मान हलवली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण ठेवून घेणार होतं? घरी बायकोला, बायडाबाईला, तर नोकरी पक्की म्हणून सांगून बसलो होतो.

सातला माणसं यायला लागली. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला काही म्हणता काही कळेना. मिशा, चष्मे, टकलं. एकाला मोठ्या प्रेमाने "या, या, लई दिसांनी" म्हणालो, तर तो पंखे बसवणारा निघाला, सकाळपासून तिथेच होता. दुसऱ्यापुढे न विचारता रम ठेवली. "मी पीत न्हाय. भावाला न्यायला आलोय," तो खेकसला. आरशांत एकेक माणूस चार-चार दिसत होता. काउंटरवरून सोमेश माझ्याकडेच बघत होता. हातातला ट्रे कोणाकडे न्यायचा तेही विसरलो.

मधल्या सोफ्यावर एक म्हातारा अंग चोरून बसला होता.

"काय आणू, पावणं?"

त्याने वर बघितलं. "पावणं? अरं ज्ञानू, मी खांबाजवळ बसणारा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बावीस वर्षं या माणसाला मी फुटाणे दिले होते. "मालकास्नी गिऱ्हाइकाला नावानं हाक मारल्याली पायजे," मी पुटपुटलो. "न्हाय जमलं तर उद्यापास्नं मी घरी."

त्याने आजूबाजूला बघून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "केरबा. मार हाक."

मी मारली. सोमेशला ऐकू जावी म्हणून जरा जोरातच. "या केरबाअण्णा, बसा निवांत."

सोमेशने काउंटरवरून टाळी वाजवली. केरबाअण्णांचे कान लाल झाले. तेवढ्यात पलीकडे एक खुर्ची सरकली. एक जण उठला, मग दुसरा, मग कोपऱ्यातले दोघे. एकाने तोंडाला रुमाल लावला होता. बघता बघता सात-आठ जण पाठ फिरवून दाराकडे निघाले, आणि त्या पाठी बघितल्याबरोबर मी एकेकाला ओळखलं. वाकडी मान ती खिडकीच्यांची. डावा खांदा उतरलेला, ते मोरीजवळचे. थांबा म्हणावंसं फार वाटलं, पण हाक मारायला माझ्याकडे एकाचंही नाव नव्हतं.

केरबाअण्णाही उठले आणि त्यांच्या मागोमाग गेले.

"मामा, ही कोण माणसं गेली?" सोमेशने विचारलं.

"जुनी गिऱ्हाइकं," मी म्हणालो.