सन्मानाची मॅच

चिंतामणनं चेंडूकडे बघितलंसुद्धा नाही. बॅट मागे नेऊन हळूच स्टंपांवरची एक बेल पाडली आणि "वा दिवाकरजी, क्या बॉल था!" म्हणत स्वारी खुशीत तंबूकडे निघाली.

टाळ्या कडाडल्या. इंदूरचं सगळं मल्हारगंज मैदानावर लोटलं होतं. शामियान्यात मध्यभारत सरकारचे कोणी उपमंत्रीही आले होते. खेळपट्टीवर अंथरलेल्या मॅटिंगच्या टोकाशी उभं राहून दिवाकर कॉलर नीट करत होता. म्हणजे दिसायला कॉलर, खरं तर उजवा खांदा चोळत होता.

तीन गडी बाद झाले होते आणि तिघंही आपणहून. इंग्लंडात भल्याभल्यांच्या दांड्या उडवून आलेला आपला दिवाकर, त्याच्याच सत्काराच्या मॅचमध्ये त्याला चौकार मारायचे? अपमानच की! सगळ्यांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं.

दिवाकरला विकेटा नको होत्या. शेवटच्या कसोटीपासून चेंडू सोडताना खांद्यात काहीतरी अडकायचं. पुढच्या महिन्यात वेस्ट इंडीजचा दौरा. विचारील त्याला त्यानं 'ठणठणीत आहे' सांगितलं होतं. पण वेग उरलाय की नाही, हे समोरचा खरोखर खेळला तरच कळणार. म्हणून तर तो इंदूरला आला होता. आणि इथं? हातातली कचोरी हिसकावून खाणारे दोस्त आता बशी धरून उभे राहत होते. खाटेवर शेजारी कुणी टेकत नव्हतं. खुर्ची आणत होते.

पुढचा फलंदाज गजानन. लहानपणचा शेजारी, आता मिलमध्ये क्लार्क. दिवाकर चालत त्याच्यापर्यंत गेला.

"गजा, नीट खेळ."

"हो जी, खेळतो ना."

"जी काय, जी? लेका, माझी चड्डी घालून शाळेत गेलायस तू!"

गजानन हसला नाही. "सगळे बघताहेत यार. तुला मारलं तर उद्यापासून मिलमध्ये मला कोणी चहासुद्धा विचारणार नाही."

"मला कळायला पाहिजे रे."

"काय?"

दिवाकरचा हात खांद्याकडे गेला. गजानन त्या हाताकडे बघत राहिला. मग त्यानं पॅडचा पट्टा आवळला.

दिवाकर धावत आला. होतं नव्हतं तेवढं सगळं त्या एका चेंडूत ओतलं. गजाननचा पुढचा पाय निघाला, बॅट निवांत मागे गेली, निवांत खाली आली. चेंडू दिवाकरच्या डोक्यावरून, शामियान्यावरून थेट रस्त्यावर. तिथं एका टांग्याचा घोडा बिथरला.

एकही टाळी पडली नाही. मग कोणीतरी ओरडलं, "अबे गज्या, शरम कर!"

पंच अप्पासाहेबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. षटकाराची खूण करायचं नाव नाही. गजानन मान खाली घालून बॅटनं मॅटिंग ठोकत होता. दिवाकर पुन्हा त्याच्यापाशी गेला.

"चेंडू कधी दिसला?"

"जाऊ दे ना, भिया."

"गजा."

"हातातून सुटतानाच," गजानन म्हणाला. "आरामात दिसला."

दिवाकरनं मान हलवली. गजाननच्या पाठीवर एक थाप मारली, आणि तोंड फिरवून स्कोअररच्या टेबलाकडे बघत स्वतःच षटकाराची खूण केली. डावा हात सरळ वर गेला. उजवा कानापर्यंत जाऊन थांबला.

स्कोअररनं हात वर करून पोच दिल्याशिवाय खूण खाली घ्यायची नसते. स्कोअरर अप्पासाहेबांकडे बघत होता, अप्पासाहेब चष्म्याकडे. मधे मॅटिंगवर दिवाकर हात तसेच धरून उभा राहिला.