गवतातली मोजपट्टी

नदीत रोवलेल्या मोजपट्टीवर सकाळ-संध्याकाळ पाण्याची पातळी बघून वहीत लिहायची, एवढंच माझं काम. आमचा भाग सखल, दलदलीचा, माणूस औषधालाही सापडत नाही. पट्टी घरापासून तासभर लांब. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं निमित्त झालं आणि मी घरबसल्या आकडे लिहू लागलो. इथली नदी संथ, तसेच माझे आकडे. बघतंय कोण?

आज मुख्य कचेरीतले साहेब आले. म्हणाले, "चला, पट्टी दाखवा."

पट्टी गवतात उभी होती, कोरडीठाक. तिला शेळी बांधलेली.

शेळीवाली म्हातारी म्हणाली, "नदी होय? दीड वर्ष झालं की, चांगली दोन मैल पलीकडे सरकली. यांना कुणी सांगितलं नाही वाटतं?" तिला माझी खरंच कीव आली होती. मला तिचा भयंकर राग आला.

चहूकडे सपाट माळ, तोंड लपवायला झुडूपसुद्धा नाही. साहेबांनी वही मागितली.

ऊन डोक्यावर होतं. वहीत आजची संध्याकाळची पातळीही लिहिलेली होती.